धावते वर्णन की समालोचन?

दिल्लीच्या उत्तरेकडील रिजवर, विद्यापीठाच्या परिसरापासून फार दूर नसलेल्या उंचवट्यावर, महानगरपालिकेचे एक मोठे रुग्णालय आहे. रिक्षावाले, बसवाहक, रुग्णांचे नातेवाईक, सारेच त्याला नुसते ‘हिंदूराव’ म्हणतात. हे नाव एका मराठी माणसाचे आहे, ह्याची आठवण त्यांपैकी क्वचितच कोणाला असते. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई ह्यांचे हे बंधू, कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर ह्या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाल्यानंतर त्याची कोठी हिंदूरावांनी विकत घेतली. १८५७ च्या वेढ्यात हीच कोठी इंग्रज फौजेचे आघाडीचे ठाणे बनली आणि शहराच्या तटावरून तिच्यावर तोफांचे गोळे पडत राहिले. नाव टिकले ते वापरामुळे. अर्थ मात्र मधल्या काळात गळून गेला.

ह्याच परिसरात फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणलेला अशोकस्तंभ उभा आहे. त्याचा जोडीदार, टोपऱ्याहून आणलेला स्तंभ, फिरोजशहाच्या कोटल्यात आहे. आणि त्या कोटल्याच्या लगतच दिल्लीचे क्रिकेटचे मैदान. ह्या स्तंभांवरची अक्षरे शतकानुशतके सर्वांना दिसत होती. पण १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडेपर्यंत ती कोणालाही वाचता येत नव्हती. दिसणे आणि वाचता येणे ह्यांतले हे अंतर दूरचित्रवाणीवरील क्रीडा-समालोचनाचा विचार करताना वारंवार आठवते. पडदा सर्वांना सर्व काही दाखवतो. प्रश्न आहे तो वाचून दाखवणाऱ्याचा.

आकाशवाणीच्या काळात मराठीत ह्या प्रकाराला ‘धावते वर्णन’ असे म्हणत. हिंदीत त्यासाठी ‘आँखों देखा हाल’ हा शब्दप्रयोग होता. दोन्ही नावे अगदी नेमकी होती. श्रोत्याला डोळे नव्हते. ते निवेदकाने पुरवायचे होते. पुढे, विशेषतः दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर, ‘समालोचन’ हा शब्द रूढ झाला. वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परका नाही. समालोचन म्हणजे समग्रपणे, सर्व बाजूंनी पाहणे. समीक्षेच्या कुळातलाच हा शब्द. म्हणजे नाव बदलताना भाषेने कामही बदलून दिले होते: वर्णन करणाऱ्याने आता समीक्षक व्हावे. नाव बदलले, परंतु काम बदलले नाही, ही मराठीतील दूरचित्रवाणी-समालोचनाची मूळ अडचण आहे. पाहणाऱ्याला जे दिसते आहे तेच त्याला सांगितले जाते, आणि ते पुरेसे वाटेना म्हणून मोठ्या आवाजात सांगितले जाते. संजयाचा दाखला ह्या विषयात इतका झिजला आहे की तो देणेही संकोचाचे वाटते; तरी त्यातली एक गोष्ट विसरली जाते. धृतराष्ट्र आंधळा होता. डोळस धृतराष्ट्रापुढे संजयाने काय बोलावे, ह्याचे उत्तर महाभारतात नाही.

आकाशवाणीवरच्या धावत्या वर्णनाचे ऋण मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मराठीत त्याचा पाया घालणाऱ्यांत बाळ ज. पंडित ह्यांचे नाव अग्रभागी येते. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले होते, म्हणून खेळाचे ज्ञान उसने नव्हते. पण ज्ञान असणे आणि ते चालत्या क्षणी मराठी वाक्यात बसवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. इंग्रजी निवेदक ‘झेलबाद’ हा निकाल आधी सांगून मग झेल कोणी घेतला हे सांगू शकतो. मराठीच्या सरळ वाक्यात कर्ता, कर्म, स्थळ सगळे आधी येते आणि निकाल सर्वांत शेवटी. वरवर पाहता ही अडचण वाटते. प्रेक्षकांचा गलका क्रियापदाच्या आधी कानावर पडणार. वस्तुतः ती मराठीची सोय आहे. चेंडूचा प्रवासही त्याच क्रमाने होतो: गोलंदाज, टप्पा, फलंदाज, क्षेत्ररक्षक आणि मग निकाल. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी कोटल्यावर अनिल कुंबळे ह्यांनी पाकिस्तानचे दहाही फलंदाज ७४ धावांत बाद केले. त्यांतला शेवटचा बळी वसीम अक्रमचा, झेल लक्ष्मणचा. हा क्षण मराठीत सांगायचा तर ‘कुंबळे... अक्रम पुढे... बॅटची कड... लक्ष्मण... घेतला!’ असा सांगता येतो. वाक्य मोडलेले नाही. ते मराठीच्या स्वाभाविक क्रमानेच चालले आहे, फक्त विभक्तिप्रत्यय आणि साहाय्यक क्रियापदे वाटेत टाकून दिली आहेत. क्रियापदाची वाट पाहायला लावणे हीच त्यातली उत्कंठा. आकाशवाणीच्या चांगल्या वर्णनाने मराठी वाक्यरचनेचा हा गुण कोणत्याही व्याकरणग्रंथाच्या मदतीवाचून ओळखला होता.

दूरचित्रवाणीवर नेमके हे शेवटचे क्रियापद चित्र उच्चारते. ‘घेतला’ हे सांगायला आता कोणी लागत नाही. उरते ते क्रियापदाच्या आधीचे सगळे, आणि बरेचसे नंतरचे: लक्ष्मणला तिथे का उभे केले होते, आधीच्या दोन षटकांत अक्रमला पुढे कसे ओढले गेले, खेळपट्टीच्या कोणत्या टोकाकडून चेंडू उसळत होता. समालोचकाने बोलायचे ते इथे. ऑस्ट्रेलियाचे रिची बेनो ह्यांनी दीर्घकाळ पाळलेला नियम सर्वपरिचित आहे: चित्रात काही भर पडणार नसेल तर बोलू नये. हे ज्या ऑस्ट्रेलियाने शिकवले तिथेही, तिथल्या स्वतःच्या पद्धतीच्या फुटबॉलच्या समालोचनाबद्दल, पडद्यावर अति बोलले जाते ही कुरकुर प्रेक्षकांत आहेच. तेव्हा हा दोष केवळ मराठीचा आहे असे मानण्याचे कारण नाही. परंतु मराठीतला दोष मराठीच्या पद्धतीने घडला आहे, आणि त्याची चिकित्साही तशीच व्हायला हवी.

२०२३ च्या आयपीएल स्पर्धेत जिओसिनेमाने बारा भाषांत समालोचन दिले. त्यांत मराठी होती, भोजपुरी होती, ओडिया होती. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी खरे तर ह्या घटनेकडे कान टवकारून पाहायला हवे होते. एकच चित्र एकाच क्षणी बारा भाषांत वाचले जाते आहे, तौलनिक अभ्यासाला ह्याहून सोयीची सामग्री कोणती? मराठीच्या वाट्याला त्यातून एक निश्चित लाभ झाला. माजी आणि खेळते खेळाडू मराठीत बोलू लागले. केदार जाधव तर त्या हंगामात मराठी समालोचन करता करता बंगळूरच्या संघात बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरले. पुण्यामुंबईच्या मैदानांवरची बोली, तिच्यातल्या इंग्रजी शब्दांसह, प्रथमच इतक्या मोकळेपणाने ऐकू आली. ‘बॅकफूटवर जाऊन पंच केला’ असे एखादा खेळाडू म्हणतो तेव्हा नाक मुरडण्याचे कारण नाही; ड्रेसिंग रूममध्ये तो असेच बोलतो आणि त्या वाक्यात एक माहिती असते.

तक्रार आहे ती वेगळ्या मराठीबद्दल. मुंबईच्या स्टुडिओत पडद्यासमोर बसून, शेजारच्या खोलीतल्या हिंदी समालोचनाच्या तालावर रचलेली अशी एक मराठी तयार झाली आहे. तिच्यात प्रत्येक चौकार ‘जबरदस्त’ असतो आणि प्रत्येक झेल ‘अविश्वसनीय’. ‘चेंडूला सीमारेषेबाहेर पोहोचवलं’ असे ती म्हणते, जणू चेंडू हा स्टेशनवर सोडायचा पाहुणा आहे. मधूनच तिला आपण मराठी आहोत ह्याची आठवण होते आणि मग म्हणी येतात, चित्रपटांतले संवाद येतात, खेड्यातल्या माणसाचा काढलेला आवाज येतो. हा ग्रामीणपणा गावात कोणी बोलत नाही. तो चित्रपटातल्या पांडू हवालदाराचा दूरचा नातलग आहे. विनोदाला विरोध नाही. पण खेळ चालू असताना खेळाशी संबंध नसलेला विनोद म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष पडद्यावरून काढून बोलणाऱ्याकडे वळवणे. औचित्यविचाराच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला ह्याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नसावी.

ह्या मराठीच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते की शुद्ध क्रीडा-मराठी कृत्रिम आहे, वर्तमानपत्रात शोभते, तोंडात बसत नाही. आक्षेप अगदीच निराधार नाही. गल्लीतले पोर ‘आऊट’ म्हणते, ‘बाद’ म्हणत नाही. मात्र क्रीडा-मराठीचे शब्द एकदा जवळून पाहण्यासारखे आहेत. मराठीत फलंदाज पायचीत होतो, धावचीत होतो, यष्टिचीत होतो, त्रिफळाचीत होतो. क्रिकेटमध्ये कोणाचीही पाठ जमिनीला लागत नाही. तरीही मराठीने बाद होण्याची कल्पना आखाड्यातून उचलली. तीन यष्ट्यांना हिरडा, बेहडा, आवळा ह्यांच्या त्रिफळ्याची उपमा देण्यात तर मिस्किलपणा आहे. ‘गोलंदाज’ म्हणजे तोफेवरचा माणूस. मोल्सवर्थच्या कोशात तो त्याच अर्थाने आहे, आणि त्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली ती १८५७ मध्येच, ज्या वर्षी हिंदूरावांच्या कोठीवर खरेखुरे गोलंदाज मारा करीत होते. ‘फलंदाज’ हा त्याच नमुन्यावर घडवलेला. ‘षटक’ हा शब्द तेवढा गणिती आणि म्हणूनच नाजूक. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत षटक आठ चेंडूंचे असे, ही गोष्ट त्या शब्दाला सोसण्यासारखी नाही. असो. १९६२ मध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाल्यापासून वि. वि. करमरकर ह्यांनी खेळाला वृत्तपत्रात जी हक्काची जागा मिळवून दिली, तिच्यामुळे ही परिभाषा घरोघरी पोहोचली. ती तोंडात बसली नाही असे म्हणणाऱ्यांनी ‘षटकार’, ‘चौकार’, ‘सलामीवीर’ हे शब्द विचारात घ्यावेत. ते क्रिकेट सोडून राजकारणात आणि लग्नाच्या पंगतीतही फिरतात.

‘चीत’ ह्या शब्दाने क्रिकेटच्या मैदानातून आखाड्याकडे जाणारी वाट दाखवलीच आहे, तर तिनेच थोडे पुढे जावे. मराठीत दूरचित्रवाणी-समालोचनाचा योग्य पूर्वज कोण, ह्याचे उत्तर त्या वाटेवर आहे.

सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर ह्या भागांतल्या जत्रांत कुस्तीचे फड भरतात. फडात ध्वनिक्षेपक हाती घेतलेला निवेदक असतो. त्याच्यासमोर हजारो डोळस माणसे बसलेली असतात आणि त्यांतल्या निम्म्यांना कुस्ती त्याच्याइतकीच कळते. म्हणजे दूरचित्रवाणीच्या समालोचकाची जी परिस्थिती, तीच त्याची; किंबहुना अधिक कठीण, कारण चुकीचे बोलला तर लोक तिथल्या तिथे ओरडून सांगतात. हा माणूस काय करतो? ‘त्याने हात धरला, आता पाय पुढे टाकला’ असे तो सांगत बसत नाही. जोड लागण्यापूर्वी तो सांगतो, हा कोणत्या तालमीचा, कोणत्या वस्तादांचा पठ्ठा, कोणत्या गावच्या मातीतला, घरी परिस्थिती कशी, मागच्या हंगामात कोणाला अस्मान दाखवून आला. सलामी झाली की आवाज खाली येतो. खडाखडी चालू असते तेव्हा तो बहुधा गावकऱ्यांचे, इनाम देणाऱ्यांचे नाव घेतो. कारण खडाखडीत सांगण्यासारखे काही नसते आणि ते त्याला ठाऊक असते. मग एकाने पट काढला, कब्जा घेतला, की निवेदक जागा होतो, आणि तो जे सांगतो ते झालेल्याचे वर्णन नसते, होऊ घातलेल्याचा इशारा असतो: आता घिस्सा येणार, वरच्याने गुडघा मानेवर ठेवलाय, खालच्याने मोळी बांधू दिली तर संपले. ऐकणारा त्या इशाऱ्याने पुढच्या चार क्षणांकडे नव्या डोळ्यांनी पाहतो. डाव लागला तर निवेदक खरा ठरतो. सुटला तर सुटणाऱ्याचे कौतुक दुप्पट होते. पोकळ घिस्सा, ढाक, कलाजंग, एकलंगी, धोबीपछाड ह्या नावांचा त्याच्याकडे साठा असतो, आणि नाव उच्चारताच डोळ्यांना दिसणारी झटापट एका परंपरेत जाऊन बसते. अडाणी माणसालाही मग दोन देह एकमेकांत गुंतलेले दिसत नाहीत, डाव दिसतो.

वाङ्मयाच्या परिभाषेत सांगायचे तर ही समीक्षा आहे: पूर्वपीठिका, संज्ञा, पूर्वसूचना, आणि संयम. शाहिराचा पोवाडा आणि कीर्तनकाराचे निरूपण ह्या दोन्ही परंपरांचे संस्कार तिच्यावर आहेत. कीर्तनात अभंग श्रोत्यांना पाठ असतो, तरी निरूपणाला ते बसतात. माहीत असलेले पुन्हा सांगणे आणि माहीत असलेल्याचा अर्थ लावणे ह्यांतला फरक मराठी श्रोत्याला कोणी शिकवायला नको. तो फरक विसरला आहे तो स्टुडिओत.

ह्यावर कोणी म्हणेल की कुस्ती संथ असते, तिथे बोलायला सवड मिळते. क्रिकेटच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. क्रिकेटमध्ये खेळापेक्षा दोन चेंडूंमधला वेळच अधिक असतो. कबड्डी आणि खो-खोच्या बाबतीत मात्र तो खरा आहे. चढाईला तीस सेकंद, आणि खो-खोत तर क्षणाक्षणाला पाठलाग करणारा बदलतो. तिथे भाष्याला जागा नाही. तिथे हवे ते नामकरण, झटपट आणि अचूक. आणि नेमक्या ह्याच ठिकाणी जे घडले आहे ते मराठीच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.

ह्या दोन खेळांची परिभाषा मराठीत, मराठी मातीत घडली. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून आली आणि १९९० पासून बीजिंगमध्ये तिला पदके मिळू लागली, तेव्हा तिच्या नियमपुस्तकातून ‘लोण’ हा शब्द रोमन लिपीत जगभर गेला. सर्व गडी बाद करून मिळवलेल्या दोन जादा गुणांना इंग्रजीत शब्द नव्हता, म्हणून आपलाच ठेवला गेला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि पडद्यावर ‘ऑल आऊट’ आले. चढाई ‘रेड’ झाली, पकड ‘टॅकल’. जगाने स्वीकारलेला शब्द घरच्यांनी परत केला, असे क्वचितच घडते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष संघाचे कर्णधार प्रतीक वाईकर, महिला संघाच्या प्रियांका इंगळे; दोघेही महाराष्ट्राचे. १९ जानेवारीला महिलांनी नेपाळला ७८-४० असे आणि पुरुषांनी ५४-३६ असे हरवले. खो-खोच्या मराठी बातमीत शंभर वर्षांत तावून सुलाखून निघालेली भाषा आहे: खांबावर सूर मारून टिपणे, पाटीवरून उठणे, इतकी मिनिटे पळती करणे, नाबाद राहणे, एक डाव राखून जिंकणे. पडद्यावरच्या खो-खोची भाषा मात्र ‘ड्रीम रन’, ‘वझीर’, ‘स्काय डाइव्ह’ अशी आहे. ‘वझीर’ हा नव्या नियमातला नवा गडी आहे, कोणत्याही दिशेने धावू शकणारा. त्याला बुद्धिबळातले नाव देणे चतुर आहे आणि ते राहायला हरकत नाही. परंतु खांबाजवळचा सूर हा जुनाच आहे. ‘सूर मारणे’ म्हणताना मराठी कानाला नदीचा काठ आणि डोहात झेपावणारे पोर आठवते. ते चित्र शब्दाबरोबर गेले, आणि खेळ जिंकला त्याच संध्याकाळी गेले, दिल्लीत, मराठी कर्णधारांच्या देखत. ह्या खेळाच्या चाहत्यांनी जल्लोष केला तो योग्यच होता. भाषेच्या अभ्यासकांनी त्या संध्याकाळी आणखी काहीतरी ऐकायला हवे होते.

ते ऐकले गेले नाही ह्याचा दोष केवळ वाहिन्यांकडे जात नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांना पोवाडा चालतो, कीर्तन चालते, आता दलित जलशांचाही यथायोग्य विचार होतो. धावत्या वर्णनाला मात्र मौखिक वाङ्मयात जागा नाही. विसाव्या शतकात मराठीत सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गापुढे जे तत्काळ गद्य रचले गेले त्यात ह्या वर्णनांची गणना करावी लागेल, तरी त्याच्या वाक्यरचनेवर विद्यापीठीय अभ्यास अपवादानेच होतो. हिंदीची स्थिती थोडी बरी. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ ने हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. जसदेव सिंग ह्यांचे त्या सामन्याचे वर्णन हिंदी भाषकांच्या स्मृतीचा भाग झाले आहे. दिल्ली विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या रवी चतुर्वेदींनी हिंदी क्रिकेट-वर्णनाला घडवले. इंग्रजीत जॉन अर्लट हे कवी होते आणि बीबीसीसाठी कवितांचे कार्यक्रम करीत असतानाच, १९४६ च्या भारतीय संघाच्या दौऱ्यात, त्यांच्या हाती क्रिकेटचा ध्वनिक्षेपक आला. कवीला मैदानात पाठवणे तिथे कोणाला कमीपणाचे वाटले नाही.

मराठी समालोचकांची निवड करताना आवाज पाहिला जातो, प्रसिद्धी पाहिली जाते, बोलण्याचा वेग पाहिला जातो. त्यांना फडावर बसवून दोन दिवस ऐकायला लावले तर खर्च फारसा होणार नाही. माघ-फाल्गुनात जत्रांचा हंगाम असतो. आणि ज्या विद्यापीठांत लोकवाङ्मयाचे विभाग आहेत त्यांनी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन त्याच फडावर जावे. जुने निवेदक थकत चालले आहेत. तिथे त्यांना आणखी एक गोष्ट आढळेल, जी लिहून घेता येत नाही. दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांना जखडून असे थांबतात की कोणालाच हलता येत नाही, तेव्हा निवेदक ध्वनिक्षेपक तोंडापासून दूर नेतो. हलगी वाजत राहते. सारा फड पुढे झुकतो, आणि काही वेळ कोणीच काही बोलत नाही.